मागच्या दोन खोल्या

चंद्रावतीने दोरीवरून भाडेकरू धोंडिबाची निळी पँट ओढली, मग त्याच्या बायकोची, भागीरथीची साडी, मग दोन बनियन, आणि तो सगळा ओला गोळा छातीशी धरून ती लाकडांच्या खोपीत शिरली. चिमटे उडून अंगणभर पडले, पण ते वेचायला वेळ नव्हता. पुढच्या दारी स्कूटर थांबल्याचा आवाज तिने ऐकला होता आणि पाठोपाठ सोप्यावरून नवऱ्याचा, शिवदासचा, मुद्दाम मोठ्याने काढलेला.

"अगो, भायर यो. सरकारी मनीस आयला."

कपडे लाकडांवर टाकून तिने पदराने हात पुसले. 

शिवदास आमोण्याच्या धक्क्यावरून मुरगावला खाणीचा माल नेणाऱ्या बार्जीवर, सपाट मालबोटीवर, बावीस वर्षं होता. खाणी बंद पडल्या, बार्जी नदीकाठाला लागून गंजत राहिल्या, आणि हातात आलेल्या पैशांतून त्याने घरामागे दोन खोल्या उठवल्या. पंचायतीचा कागद घेतला नाही. भाडेकरू ठेवले तर त्यांची नावं पोलीस स्टेशनात द्यावी लागतात, नाही दिली तर दंड, हे त्याला ठाऊक होतं. पण नाव दिलं की त्यांच्या हातात आपल्या घराचा पत्ता जातो आणि मग ती माणसं हलत नाहीत, असं त्याला पेडण्याच्या एका नातेवाइकाने शपथेवर सांगितलं होतं. म्हणून गेली काही वर्षं मागच्या खोल्यांत माणसं येत, राहत, जात. पुढच्या दारी त्यांच्याबद्दल कोणी बोलत नसे.

दारात बाई होती, तिशीतली. गळ्यात ओळखपत्र, हातात वही, डोक्यावर अजून हेल्मेट. पोलीस नव्हे हे पाहून चंद्रावतीला जरा हायसं वाटलं.

"मावशे, हांव सुविधा. आरोग्य केंद्रातल्यान आयल्यां. धोंडिबा म्हण कोण रावता हांगा?"

"ना गो. असो कोणूच ना."

"घर नंबर होच दिला ताणें."

"भायले लोक ते," सोप्यावरून शिवदास म्हणाला. पुढचं बोलण्याआधी तो खोकला, खाकरला, आणि अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडे थुंकला. "खंयचोय नंबर घालतात."

सुविधाने वहीत बघितलं, मग घराच्या बाजूने मागे जाणाऱ्या वाटेकडे. तिथे एक पिवळा चिमटा पडला होता.

"ताणें गुळयो सुरू केल्यात, मावशे. मदींच सोडल्यार वायट. आनी घरांत रावतात, जेवतात, तांकांय तपासूंक जाय."

"कसल्यो गुळयो?"

"तें म्हाका सांगूंक मेळना."

तिने वहीत दोन ओळी लिहिल्या. स्कूटर वळली, उतारावरून खाली गेली. चंद्रावती खांबाला धरून तशीच उभी राहिली. घरांत जेवतात, तांकांय. त्यांनाही तपासायचं. तिची नात ऋतिका पाच वर्षांची. मुलगा आणि सून सकाळी कामाला गेली की शाळा सुटल्यापासून ती आजीच्या ताब्यात, आणि संध्याकाळी भागीरथी कामावरून आली की ती मागच्या खोलीत. भागीरथीच्या हातची तव्यावरची भाकरी तिला घरच्या जेवणापेक्षा आवडायची. एकाच ताटलीत दोघी खायच्या.

भागीरथी काजूच्या कारखान्यातून सहाला आली. चंद्रावती मागच्या उंबऱ्याशीच उभी होती. आपली ओली साडी लाकडांच्या खोपीत कशी गेली, हे भागीरथीने विचारलं नाही. काकींचा चेहरा पाहूनच ती थबकली.

"तुझ्या घोवाला काय झालंय?"

भागीरथीने पिशवी खाली ठेवली.

"सांगणारच हुते काकी."

"काय झालंय?"

"छातीचं हाय. टीबी म्हंत्यात. पन गोळ्या चालू केल्यावर दोनेक आठवड्यांत दुसऱ्याला लागायचं कमी हुतंय म्हणून डॉक्टरनं सांगितलंय. त्ये भांडंबी येगळं घेत्यात आता. कामावर कुनाला सांगू नगासा तेवढं. कंत्राटदाराला कळलं तर दुसऱ्या दिशी गेट पास काढून घेतंय."

"गोळ्या किती दिवस झाल्या?"

"आज नववा दीस."

नऊ. चंद्रावतीने मनात मोजलं. परवा ऋतिका तिथे जेवली होती. कालही. त्याआधीचा सगळा महिना, जेव्हा गोळ्याही नव्हत्या, ती रोज तिथेच होती.  ती पायरीवर बसली आणि बसल्या बसल्याच म्हणाली, "खोली रिकामी करा. उद्याच."

रात्रपाळीला निघालेला धोंडिबा आतून बाहेर आला. चंदगडकडचा उंच, हाडापेराचा माणूस, पण शर्ट आता खांद्यांवर लोंबत होता. तोंडावर रुमाल बांधून तो चार हातांवर उभा राहिला, जवळ आला नाही.

"काकी, म्हयनाभर ऱ्हाऊ द्या. त्या बाई हिथंच येनार हैत गोळ्यांसाठनं. पत्ता ह्योच दिलाय."

"कोणी येणार नाही," चंद्रावती म्हणाली.

त्याने तिच्याकडे बघितलं. मग बायकोकडे. तो कामावर गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी टेम्पो आला. सामान ते काय, एक पत्र्याची पेटी, गॅसची लहान शेगडी, गाद्यांचं गाठोडं. भागीरथीने खोली झाडून, पुसून दिली. निघताना तिने पत्ता सांगितला, कोणी न विचारता. "साखळीला, बाजारामागं. पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत. दवाखान्यातलं कुनी आलं तर सांगा तेवढं." ऋतिका तिच्याकडे धावली तशी चंद्रावतीने तिचा दंड घट्ट पकडला. पोर दुखून ओरडली.

त्यानंतर तिने त्या खोल्या तीन वेळा फिनेलने धुतल्या. दारं-जनेलं सताड उघडी ठेवली. कोपऱ्यात राहिलेली चटई अंगणात जाळली. धूर सोप्यावर गेला आणि शिवदासला खोकल्याची उबळ आली. तो तिला ओरडला. त्याचा खोकला घरातल्या जुन्या पंख्याच्या आवाजासारखा झाला होता, चालू असला तरी कोणाला ऐकू येत नसे.

दहाव्या दिवशी ऋतिकाचं अंग तापलं.

सुनेला, सेजलला, वाटलं शाळेतून आलं असेल. सगळ्यांचीच पोरं खोकताहेत, ती म्हणाली. बाजारातल्या डॉक्टरने घसा पाहिला, औषध लिहून दिलं, आणि लिहिता लिहिता विचारलं, "घरात आणखी कोण आजारी आहे?"

"नाही," सेजल म्हणाली.

चंद्रावती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिली. आता सांगायचं तर काय सांगायचं? भाडेकरू होते, त्याला टीबी होता, मला कळलं, मी त्यांना हाकललं, आणि विचारायला आलेल्या बाईला तोंडावर नाही म्हटलं. सेजल तिथल्या तिथे रडली असती. मुलगा काय बोलला असता ते तिला ऐकवलं नसतं. आणि शिवदास म्हणाला असता, गप्प राहा, दंड कोण भरणार.

ताप तिसऱ्या दिवशी उतरला, खोकला राहिला. पोरीला झोप लागली की चंद्रावती तिच्या छातीला कान लावायची. आत काहीतरी घरघरतंय असं तिला वाटायचं, मग नाही असं वाटायचं, मग पुन्हा कान लावायची. तिच्या माहेरी, मयेला, एक चुलती याच आजाराने गेली होती. तिची ताटली मागच्या दारी उपडी ठेवलेली असायची. शेवटी तिच्या मनगटातून बांगड्या आपोआप गळून पडायच्या. चंद्रावती तेव्हा ऋतिकाएवढी होती. आता ती पोरीच्या हातातली बांगडी रोज बोटाने फिरवून बघू लागली, सैल झाली का ते. घरात कोणाशी बोलताना तिचं लक्ष नसायचं. दोनदा आमटी करपली.

पाचव्या दिवशी, सेजल कामावर गेल्यावर, तिने ऋतिकाला शाळेऐवजी साखळीच्या बसमध्ये घातलं.

आरोग्य केंद्रात सुविधा एका लाकडी मेजापाशी बसली होती. तिने वर पाहिलं, आणि तिला चेहरा आठवायला क्षण लागला.

"मावशे?"

चंद्रावतीने बसमध्ये सगळं जुळवून ठेवलं होतं, पहिलं काय, मग काय. तोंडातून एकदम शेवटचंच आलं.

"तो धोंडिबा आमगेरच रावतालो."

सुविधा रागावली असती तर बरं झालं असतं. ती उठली, दार लोटलं, पोरीला खुर्चीवर बसवलं आणि तिच्या हातात एक चित्रांचा कागद दिला.

"घरांत कितलीं जाणां?"

"पांच."

"खोकलो आनी कोणाक?"

"कोणाक ना. म्हळ्यार, घरकाराक आसा. पूण तो आदलो. बार्जीवयले धुल्लाचो. तंबाखूय खाता."

सुविधाचं पेन थांबलं.

"आदलो म्हळ्यार कितले वर्सांचो?"

चंद्रावती मनात मागे मोजत गेली. बार्जी चालू होत्या तेव्हा कंपनीचा डॉक्टर वर्षाला सगळ्यांची छाती तपासायचा. काम गेलं तशी ती तपासणीही गेली, आणि नंतर मुद्दाम कुठे जाऊन छाती दाखवावी असं शिवदासला कधी वाटलं नाही. खोकला त्याच्या मागून कधीतरी आला. कधी?

"तीन वर्सां आसतलीं," ती म्हणाली, आणि मग वाढवून, "चड."

"फाल्यां सगळ्यांक हाड," सुविधा म्हणाली. "सगळ्यांक."

घरी त्या रात्री जे व्हायचं ते झालं. सेजल दोन तास बोलली नाही आणि मग एकदम खूप बोलली. मुलगा पहिल्यांदाच आईवर ओरडला. शिवदास येणार नाही म्हणाला. पुढच्या सकाळी मात्र तोच सगळ्यांच्या आधी कपडे घालून सोप्यावर बसला होता.

ऋतिकाच्या छातीचा फोटो स्वच्छ निघाला. डॉक्टर म्हणाले, साधा खोकला, उतारावर आहे, पण लहान आहे आणि जवळ राहिली आहे, म्हणून होऊ नये यासाठी गोळ्या द्याव्या लागतील. चंद्रावतीने तिथेच भिंतीला टेकून डोळे मिटले. मुलगा, सेजल, ती स्वतः, कोणालाच काही नव्हतं.

शिवदासच्या थुंकीचा अहवाल दोन दिवसांनी आला. त्यात सापडलं.

"बघ," बाकावर बसून शिवदास म्हणाला. त्याचा आवाज चढला होता, पण हात मांडीखाली दाबून धरलेले होते. "तांणीच दिलें. घरांत घेतले आनी दुयेंस दिवन गेले."

डॉक्टरांनी त्याचा फोटो उजेडाच्या पेटीवर लावला. वरच्या बाजूला, उजवीकडे, काळ्यात पांढरं जाळं पसरलेलं होतं. त्यांनी ते बोटाने दाखवलं.

"हें आतांचें न्हय. हें पोरणें."

"कितलें पोरणें?" चंद्रावतीने विचारलं.

"तें नेमकें सांगूंक जायना. पूण वर्सां जालीं."

धोंडिबा आणि भागीरथी गेल्या वर्षी चतुर्थीनंतर आली होती. तेव्हा धोंडिबा सिमेंटची दोन पोती एकदम उचलायचा. संध्याकाळी तो सोप्यावर शिवदासच्या बाजूला बसायचा, दोघं बार्जींबद्दल बोलायचे, शिवदास खोकायचा, आणि धोंडिबा पाण्याचा तांब्या पुढे करायचा. चंद्रावतीने हे सगळं रोज पाहिलं होतं. तिने शिवदासकडे बघितलं. तो फोटोकडे बघत होता.

बाहेरच्या व्हरांड्यात सुविधाने तिला गाठलं.

"धोंडिबाक पंदरा दिसांच्यो गुळयो दिल्ल्यो. त्यो सोंपल्यो. मागीर तो येवंकच ना. ताची बायलूय तपासूंक उरल्या."

"पत्तो आसा म्हजेकडेन."

"हांव वतां, पूण म्हजें कार्ड बघून घरमालकीण विचारतली. विचारल्यार तांकां थंयच्यानूय काडटले." ती जरा थांबली. "तूं वचशी?"

पिठाची गिरणी सापडायला वेळ लागला नाही. सकाळचे दहा वाजले होते, गिरणी चालू होती, आणि वर जाणारा जिना पिठाने पांढरा झाला होता. चंद्रावतीने खालून हाक मारली. भागीरथी वरून डोकावली, तिला पाहिलं, आणि तोंडावर बोट ठेवून भराभर खाली आली. गिरणीतल्या बाईकडे एक नजर टाकून तिने चंद्रावतीला हाताला धरून रस्त्यापलीकडे, बस थांब्याच्या छपराखाली नेलं.

"हळू बोला काकी. हितं कुनाला ठावं न्हाई."

"आज कामाला गेली नाहीस?"

"आठवडा झाला जात न्हाई. त्ये जात्यात. लई खोकत्यात आता. गोळ्या सपल्या. परत जायचं तर पत्ता इचारनार, काय सांगायचा?" मग तिने चंद्रावतीच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं आणि तिचा आवाज एकदम खाली आला. "ऋतिका बरी हाय न्हवं?"

"ती बरी आहे. आमच्या घरकारांना निघालंय."

भागीरथीच्या तोंडावरचा रंग गेला. ती खाली वाकली आणि तिने तिथेच, बस थांब्यावर, चंद्रावतीच्या पायांवर हात ठेवले.

"आमच्यामुळं झालं. काकी, माफ करा. तुमी आसरा दिला आन् आमी..."

समोरून टेम्पो गेला. छपराखाली एक म्हातारा बसची वाट बघत होता, त्याने मान वळवून पाहिलं. गप्प राहणं किती सोपं होतं, ते चंद्रावतीला त्या क्षणी कळलं. काहीच बोलायचं नव्हतं, फक्त या पोरीला उठवायचं, असू दे म्हणायचं. आयुष्यभर कोणी विचारलं नसतं.

तिने भागीरथीचे खांदे धरून तिला उभं केलं.

"तुमच्यामुळे नाही," ती म्हणाली.  "त्यांचं जुनं आहे. तुम्ही येण्याच्या आधीचं. डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं."

भागीरथीला ते समजायला वेळ लागला. चंद्रावतीला ते तिच्या डोळ्यांत हळूहळू उतरताना दिसलं.

"म्हंजी ह्यास्नी त्यांच्याकडनं..."

"हो. तसंच असणार."

"तुमास्नी ठावं हुतं?"

"खोकला माहीत होता," चंद्रावती म्हणाली. "दुसरं नाही."

 भागीरथीचा हात पदराखाली गेला आणि पोटावर जाऊन थांबला, आणि तेव्हा चंद्रावतीच्या लक्षात आलं. चार महिने तरी असतील. कारखान्यातून येताना पिशवी पुढे धरायची ती, एवढे दिवस तिने पाहिलंच नव्हतं.

"चल माझ्याबरोबर," ती घाईने म्हणाली. "गावाबाहेरच्या आरोग्य केंद्रात सुविधा म्हणून बाई आहे. काही विचारणार नाही. तुझीही तपासणी करतील, त्याच्या गोळ्याही देतील. पत्ता आमचाच लिही. मी सही करते. घरकारांना मी बघते."

भागीरथीने गिरणीकडे पाहिलं, मग रस्त्याकडे. बस वळणावरून येताना दिसत होती.

"येते," ती म्हणाली.

बस अर्धी रिकामी होती. चंद्रावती आधी चढली, खिडकीकडे सरकून बसली आणि बाजूच्या जागेवरची आपली पिशवी मांडीवर घेतली. भागीरथी चढली. तिने पदर नाकावरून ओढून दातांत धरला, एक हात पोटाच्या आड धरला, आणि चंद्रावतीच्या बाजूची जागा ओलांडून ती मागे गेली, अगदी शेवटच्या बाकावर, आणि तिथली खिडकी दोन्ही हातांनी जोर लावून पूर्ण उघडली.